पालथा हात

१

ते एप्रिलचे शेवटचे दिवस होते की मे उजाडला होता, हे सर्जेरावांना आज शपथेवर सांगता येणार नाही. एके काळी कुठल्या कागदाच्या कुठल्या ओळीत शाईचा डाग आहे हेही त्यांना आठवायचं. आता सकाळची गोळी घेतली की नाही, याची साक्ष सूनबाई सुप्रियाकडून काढावी लागते. तेव्हा पुढं जे येईल ते ऐकणाऱ्यानं थोडं सांभाळूनच घ्यावं. उन्हाळा मात्र नक्की दोन हजार एकोणीसचा होता. त्या वर्षी उजनीचं पाणी फार मागं हटलं आणि चाळीस वर्षं धरणाखाली गेलेलं जुनं बोरतळ गाव वर आलं.

सर्जेराव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त, डॉक्टरेट, मोडीचे जाणकार, विधुर. दर शनिवारी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एस.टी. धरायची, खिडकीची जागा मिळवायची, निमगाव केतकीला उतरायचं आणि पानमळ्याच्या कडेला असलेल्या एका दोन खणी घरात जाऊन दोन तास भांडायचं, असा त्यांचा नेम होता.

भांडायचं ते रतनबाईंशी. एकतीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या, म्हणून सारा तालुका त्यांना सिस्टर म्हणे. बाळंतिणीच्या उशाशी रात्र रात्र बसावं लागे, सोबतीला म्हाताऱ्या असत, आणि म्हाताऱ्या वेळ जावा म्हणून जात्यावरच्या ओव्या म्हणत. सिस्टरांनी त्या उतरून घेतल्या. बावीस वह्या भरल्या. आणि त्या वह्यांच्या जिवावर ही बाई इतिहासात नाक खुपसते, याचा सर्जेरावांना मनापासून तिटकारा होता.

"आलं विद्यापीठ!" ओट्यावरून त्या ओरडत. "बसा. च्या घेनार का आदी पुरावा लागतुया?"

वाद एकाच बाईवरून होता. दोनशे वर्षांपूर्वीची, बोरतळच्या पाटलांची सून, सगुणाबाई. जुन्या वेशीजवळ तिची सतीशिळा होती. सतीशिळेवर बाईचा एक हात कोरलेला असतो. कोपरात वाकलेला, मनगटात चुडा, तळवा पाहणाऱ्याकडे, जणू आशीर्वाद देतोय. सर्जेरावांना इंदापुरातल्या एका घरी मोडी महजर, साक्षीदारांसह केलेला जुना लेखी दाखला, मिळाला होता. शके सतराशे तीस. नवरा हैबतराव मोहिमेत पडला, पंधरा दिवसांच्या वाटेवरून त्याचं पागोटं आलं आणि सगुणाबाईनं ते मांडीवर घेऊन 'स्वखुशीने' अग्निप्रवेश केला. खाली चार साक्षीदार. सिस्टरांच्या वह्यांत दुसरंच होतं. पागोटं नवऱ्याचं नव्हतंच. ज्याच्यावर सगुणेचं मन जडलं होतं त्या येसाजी नावाच्या स्वाराचं होतं, म्हणून ती हसत गेली.

पागुटं आलं घरा, धनी ऱ्हायला रणात
सगुणा चालली गं, हासू तिच्या मनात

कागद म्हणे धर्म, गाणं म्हणे प्रीत. सर्जेरावांचं पुस्तक छपाईला निघालं होतं आणि त्यात सिस्टरांच्या वह्यांना एक तळटीप दिली होती. साडेतीन ओळींची. 'लोकरंजक परंतु निराधार.' ती तळटीप त्यांनी सिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

तरी शनिवारी निघताना ते इस्त्रीचा शर्ट घालत. नुसतं तुच्छ लेखायला माणूस एवढा नटून जात नाही, हे सुप्रियाला कळत होतं.

२

पुस्तकात शिळेचा ठसा हवा होता. नव्या बोरतळचा कुंडलिक उजनीत मासे धरायचा. त्यानं होडीनं नेलं. होडी टेकली तिथून पुढं अर्धा फर्लांग गाळ तुडवायचा होता. वरून वाळलेला, फुटलेल्या पापडासारखा.

"सर, भेगा पडल्यात तितनंच चालायचं," कुंडलिक म्हणाला. "गुळगुळीत, आरशावानी दिसंल तितं पाय ठिवायचा न्हाय. मागल्या साली म्हस गेली. शिंगं बी न्हाय दिसली."

शिळा वेशीच्या पडक्या खांबाला रेलून उभी होती. ठसा घेणं हे सर्जेरावांचं चाळीस वर्षांचं काम. दगड घासला, ओला केला, भिजवलेला कागद वर पसरला आणि ताठ केसांच्या ब्रशनं थप थप बडवत तो प्रत्येक खाचेत बसवला. वरून शाईचा बोळा फिरवला. कागद सुकला तशी मोबाइलवर दोन छायाचित्रं घेतली, ठसा सोलला, गुंडाळला, नळकांड्यात घातला. सगळं नेहमीसारखं.

घरी आल्यावर त्यांनी तो अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटासमोर दोरीला चिमटे लावून टांगला. बारामतीच्या त्या उन्हात सुप्रियाचे पापड तासाभरात कडक होत. ठशाचा कागद तिसऱ्या दिवशीही ओला होता. सगळा नव्हे. हात होता तेवढाच.

बोटानं चाचपून पाहायला ते जवळ गेले तेव्हा त्यांना नखं दिसली.

पाच बोटांच्या टोकांना पाच लहान चंद्रकोरी. अंगठ्याची जरा रुंद, करंगळीची किंचित तुटकी.

तळव्याला नखं नसतात. सर्जेरावांनी खुर्ची ओढली आणि बसून विचार केला, कारण विचार करणं हा त्यांचा व्यवसाय होता. पहिलं, कागद उलटा टांगला असेल. कागद उलटला की डावं उजवं बदलतं, नवशिके नेहमी फसतात. त्यांनी तो काढून उलटा लावला. डाव्याचा उजवा झाला, नखं होती तिथंच राहिली. दुसरं, दगडावर शेवाळाचे ओरखडे असतील. त्यांनी मोबाइल काढला. छायाचित्रात स्वच्छ तळवा होता, गुळगुळीत, बोटांची टोकं बोथट. तिसरं, आपले डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं.

तिसऱ्या कारणावर त्यांनी त्या दिवशी समाधान मानलं.

३

शनिवारी ते नळकांडं घेऊनच निमगावला उतरले. का, ते त्यांनी स्वतःला नीट विचारलं नाही. सिस्टरांना हिणवायला म्हणावं, तर हिणवण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरात आणखी कुणाला दाखवावं असं माणूस नव्हतं, हेच खरं असावं.

"आज तोफ घिऊन आलाय व्हय?"

"ठसा आहे, सिस्टर. तुम्ही पुराव्यापर्यंत जात नाही, म्हणून पुरावा घरपोच आणला."

सिस्टरांनी पान थुंकलं, हात पुसले, चष्मा लावला. ओट्यावर कागद पसरून त्या त्यावर ओणवल्या. मग त्यांनी आपला पंजा त्या पंज्याशेजारी ठेवला. आधी उताणा. मग पालथा.

"सर, ह्यो आशीर्वाद न्हाय."

"सतीचा हात आशीर्वादाचाच असतो. संकेत आहे तो."

"तुमच्या संकेताला नखं आस्त्यात?"

सर्जेरावांनी कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मी जल्मभर बायकांचं हात बघितल्यात," सिस्टर म्हणाल्या. आवाजातली थट्टा गेली होती. "हिकडं बघा. तळवा दिसला म्हंजी बाई पल्याड हाय, आपल्याकडं तोंड करून. नखं दिसली म्हंजी ती आल्याड हाय. आपल्या बाजूला. आन् पंजा दगडाला लावलाय. मनगाट कसं मोडलंय बघा. ह्यो आडायचा हात हाय. मागनं ढकलत्यात आन् ती भितीला हात दिऊन आडलीय."

ओट्यावर ऊन होतं. तरी सर्जेरावांनी पाय आखडून घेतले.

"प्रसूतिगृहातून इतिहास," ते हसले. "छान. तळटीप वाढवावी लागेल."

"वाडवा की. तुमच्या त्या कागदात चार साक्षीदार हायती, एक पागुटं हाय. बाई कुठाय?"

"आणि तुमच्या गाण्यात? ती हसत गेली म्हणे. प्रेमापायी."

सिस्टर कागदाकडे पाहत राहिल्या. "त्ये बी खोटंच की मग," त्या म्हणाल्या. "आडलेली बाई हासंल कशाला? मी बी गाढवीणच."

एवढ्या वर्षांत या बाईनं कधी माघार घेतली नव्हती. सर्जेरावांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांना असूया वाटली. चूक कबूल करणं तिला इतकं सोपं होतं.

सिस्टरांनी शिळा स्वतः पाहायची ठरवली. मंगळवारी. त्याआधी सोमवारी त्या नरसिंहपूरला जाणार होत्या, चंद्राबाईकडे. चंद्राबाई नव्वदीची, बोरतळच्या त्याच पाटलांची माहेरवाशीण. तिला सगळं गाणं येत होतं. पण एका ठिकाणी ती थांबायची आणि पुढचं म्हणायची नाही.

"म्हंती, आमच्या घरात मोठ्यानं म्हनायचं न्हाय त्ये," सिस्टर म्हणाल्या. "आता मरायला टेकलीय. बगू म्हंती का."

"गुरुवारी पुस्तक छापखान्यात जातंय," सर्जेरावांनी आठवण दिली. "त्यानंतर तुमची चंद्राबाई काय म्हणते याला काही किंमत नाही."

"म्हंजी बुधवारपातुर हाय म्हना," सिस्टर म्हणाल्या आणि नवं पान लावायला घेतलं.

४

सोमवारी दुपारी सर्जेराव जरा आडवे झाले होते. सुप्रिया बाहेरच्या खोलीत शिलाईला बसली होती. मशीन थांबलं आणि ती दारात आली.

"आबा, काय बडवताय एवढं?"

"मी? मी झोपलोय."

"थप थप चाललंय मघापासनं. तुमच्या खोलीतनं."

त्यांनी आवाज ओळखला. ताठ केसांचा ब्रश ओल्या कागदावर पडतो तेव्हाच तसा येतो. आधी दूर दूर, मग खाच सापडली की एकाच जागी, भरभर. आवाज अभ्यासाच्या खोलीतून येत होता आणि एकाच जागी, भरभर येत होता. ते उठून दारापर्यंत गेले तसा थांबला.

"शेजारी गाद्या झटकत असतील," ते म्हणाले.

"असतील," ती म्हणाली आणि मशीनवर गेली. माणूस म्हातारा झाला की त्याला कुणी खोटं पाडत नाही, नुसतं सोडून देतं. हा अपमान त्यांच्या नीट लक्षात राहिला. बाकीचं तितकंसं नाही.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. पंखा बंद. ब्रश टेबलावर, कोरडा. हे त्यांनी दोनदा पाहिलं. ठसा दोरीवर स्थिर. त्यांनी हाताच्या आकृतीवर बोटं टेकली. ती ओल होती, पण गार नव्हती. त्यांनी बोटं नाकाशी नेली. वास शाईचा नव्हता, गाळाचाही नव्हता. उन्हातून आलेल्या माणसानं डोक्यावरचं काढून बाजूला ठेवलं की येतो, तसा वास होता.

कागद खाली घेऊन जाळावा, असं त्यांच्या मनात आलं. पण चाळीस वर्षं पुरावा जपलेला माणूस. त्यांनी त्यावर जुना पंचा टाकला आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी पंचा काढला तेव्हा त्यालाही एका ठिकाणी ओल आली होती.

५

मंगळवारी अकराच्या सुमाराला कुंडलिकनं दोघांना होडीतून उतरवलं. सर्जेरावांना आणलं त्या दिवशी सांगितलं होतं तेच तो पुन्हा सांगायला लागला, पण त्याच्या जाळ्याची दोरी तुटून जाळं वाहत चाललं होतं. "सर, तुमास्नी म्हाईत हाय. सिस्टरला सांगा," असं ओरडून तो होडी घेऊन वळला.

सर्जेरावांनी सांगितलं का? त्यांना वाटतं, सांगितलं. शिळेपर्यंत सिस्टर त्यांच्या मागोमाग, भेगांवरूनच आल्या, एवढं नक्की. पण मागोमाग येणारा पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतो. त्यानं काही सिद्ध होत नाही.

शिळेवर तळवा होता. दोघांनी पाहिला. नखं नव्हती. गुळगुळीत दगड, उन्हात तापलेला.

"बघा," सर्जेराव म्हणाले. त्यांना इतकं हायसं वाटलं की आवाज मोठा झाला. "पुन्हा ठसा घेतो. तुमच्यासमोर. मग वाद संपला."

त्यांनी दगड भिजवला, कागद चढवला, ब्रश चालवायला सुरुवात केली. सिस्टर डोक्यावरचा पदर सावरत बाजूला उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"चंद्राबाई म्हनली काल," त्या म्हणाल्या.

"काय?"

सिस्टर गायल्या नाहीत. साध्या आवाजात, औषधाची चिठ्ठी वाचावी तशा बोलल्या.

"पागुटं आलं घरा, घाम त्याचा सुकंना
सगुणा पुसती, धनी का गं दिसंना."

सर्जेरावांचा ब्रश थांबला.

"पंदरा दिसांच्या वाटंवरनं आलेलं पागुटं," सिस्टर म्हणाल्या. "उनातान्हातनं. आन् घाम वला? म्हंजी ज्याच्या डोस्क्यावरनं काडलं त्यो कुठं हुता, सर? रणात? का आतल्या खोलीत?"

"गाण्यात काहीही असतं."

"आसतंय. पर ह्येच का दडवलं त्यांनी? हासत गेली म्हनून पोरींना शिकवलं. खुशीनं गेली म्हनून कागदावर लिवलं. गानाऱ्या बी त्याच घरच्या, लिवनारं बी त्याच घरचं. तुमी कागदाला भुललात, मी गान्याला. दोघं बी शानं." त्या हसल्या. त्या हसण्यात सर्जेरावांना जन्मभर पुरेल एवढी तुच्छता होती, आणि ती अर्धी त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती हे सर्जेरावांच्या ध्यानात आलं नाही. "नवरा मेलाच नव्हता, सर. नकोशी झाली म्हनून जाळली. तुमचं पुस्तक त्या जाळनाऱ्यांनी लिवलंय, तुमी निस्ती सही केलीया."

परवा गुरुवार होता. चारशे दहा पानं होती. सर्जेरावांना एका क्षणात कळलं की बाईचं बरोबर आहे. कसं कळलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित त्या वासामुळं.

"लांबनं बगते जरा," म्हणत सिस्टर शिळेकडे तोंड ठेवून मागं सरल्या. एक पाऊल. दोन. त्यांच्या मागं भेगा संपत होत्या आणि उन्हात चकाकणारा, आरशासारखा गुळगुळीत पट्टा सुरू होत होता.

सर्जेरावांनी तो पाहिला. हे त्यांना आठवतं. यात त्यांची स्मृती दगा देत नाही. तोंडात शब्द आला होता, तोही आठवतो. तो शब्द त्यांनी गिळला तेवढा वेळ फार नव्हता. एक श्वास, फार तर दोन.

सिस्टर कमरेपर्यंत गेल्या तेव्हा आवाजही झाला नाही.

"आगं बया!" एवढंच त्या म्हणाल्या. मग, "सर, हात द्या."

सात पावलांचं अंतर. सर्जेरावांचा उजवा तळवा ओल्या कागदावर, शिळेवरच्या हातावर टेकलेला होता. त्यांनी तो काढायला घेतला. निघाला नाही.

त्यांनी खाली पाहिलं.

त्यांच्या पंज्यावर दुसरा पंजा होता. पालथा. वरून दाबून धरलेला. बोटं बारीक, काजळी बसलेली, आणि बोटांच्या टोकांना नखं. करंगळीचं किंचित तुटकं. त्या हाताला जोर नव्हता. लहान मुलाला फळ्यावर अक्षर गिरवायला लावताना बाई हात धरते, तसा त्यानं त्यांचा हात धरला होता. असं. इथं. आता बघ. त्यांच्या उजव्या खांद्याला मागून कशाचा तरी स्पर्श होत होता. मनगटाच्या पलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सर! हात द्या की!"

"हात अडकलाय," सर्जेराव म्हणाले. "थांबा, सिस्टर, माझा हात अडकलाय."

सिस्टर छातीपर्यंत गेल्या होत्या. त्यांनी ओरडणं थांबवलं. त्या सर्जेरावांच्या हाताकडे पाहत होत्या. त्यांना तिथं काय दिसत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

६

कुंडलिक धावत आला. फळी टाकून, दोरी लावून त्यानं सिस्टरांना ओढलं तेव्हा गाळ गळ्याशी होता, आणि बराच पोटात आणि छातीत गेला होता. सर्जेरावांचा हात कधी सुटला, त्यांना कळलं नाही. त्यांना आठवतं ते असं : ते होडीत बसलेले आहेत, दोन्ही हात मांडीवर मोकळे, आणि सिस्टर समोर आडव्या, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत गाळानं माखलेल्या, त्यांच्याकडे बघतायत.

"साक्षीदार बरा गावला," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दवाखान्यात सर्जेराव दोनदा गेले. दोन्ही वेळा सिस्टरांनी भिंतीकडे तोंड केलं. छातीत पाणी झालं, ताप चढला आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

जबाब द्यावा लागला. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "तुमी शिकलेलं, तुमीच लिवा, सर. माजं अक्षर कोंबडीचा पाय हाय." सर्जेरावांनी आपल्या वळणदार हातानं लिहिलं की सदर महिला पाहणी करताना स्वखुशीने मागे सरकल्या. हवालदारानं वाचलं आणि डोकं खाजवलं.

"सर, त्ये स्वखुशीनं नगा लिवू. गाळात कोन खुशीनं जातंय व्हय? स्वतःहून लिवा."

सर्जेरावांनी शब्द खोडला, 'स्वतःहून' लिहिलं आणि खाली सही केली.

मग त्यांनी विचार केला. हाताला संधिवात होता. ओला कागद दगडाला धरतो, पोकळी होते, तळवा बसला की ओढून धरतो. ऊन होतं, रक्तदाब होता, भीती होती. प्रत्येक कारण खरं होतं. सगळी एकत्र घेतली तरी सात पावलांचा हिशेब लागत नव्हता, आणि त्याआधीच्या एका श्वासाचा तर नाहीच. त्या श्वासाच्या वेळी त्यांच्या हातावर कुणाचाच हात नव्हता.

पुस्तक गुरुवारऐवजी महिनाभरानं छापखान्यात गेलं. सर्जेरावांनी एकच बदल केला. ती साडेतीन ओळींची तळटीप काढून टाकली. 'मरणानंतर वाद नको,' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि लोकांना त्यात मोठेपणा दिसला. प्रकाशनाला नारळ मिळाला, शाल मिळाली. एका तरुण प्राध्यापकानं भाषणात म्हटलं की स्त्रीच्या त्यागाची इतकी विश्वसनीय नोंद दुसरी नाही.

दोरीवरचा ठसा त्यांनी आवाज थांबेल या आशेनं ठेवला. आवाज थांबला नाही, तेव्हा जाळला. धूर फार झाला. सुप्रियानं खिडक्या उघडल्या. जळताना कागद आधी कडांनी पेटला, हाताची जागा शेवटपर्यंत ओली राहिली.

७

सिस्टरांच्या वह्या त्यांच्या भाचीनं, वैष्णवीनं, सर्जेरावांच्या घरी आणून दिल्या. "मावशी म्हनायची, हे सरांनाच कळंल," ती म्हणाली. सर्जेरावांनी त्या कपाटात वरच्या खणात ठेवल्या आणि पाच वर्षं उघडल्या नाहीत. पाच वर्षं त्यांनी स्वतःला एकच गोष्ट सांगितली. बाई हुशार होती, पण घामाच्या एका ओळीवर माणूस जिवंत ठरत नाही. पुरावा नव्हता. पुरावा नव्हता तर त्यांनी त्या क्षणी जे गिळलं, ते निदान एका चुकीच्या गोष्टीपायी घाबरून गिळलं. यात समाधान काय होतं, ते त्यांनाच माहीत.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा मागं हटल्याचं वर्तमानपत्रात आलं. सर्जेराव बोरतळला गेले नाहीत. ते पुण्याला दप्तरखान्यात गेले. आजवर त्यांनी तिथं हैबतरावाचं मरण शोधलं होतं, पागोटं आलं त्या सालापर्यंतचेच रुमाल, म्हणजे कागदांची फडक्यात बांधलेली गाठोडी, सोडले होते. मेलेल्या माणसाला पुढच्या सालांत कोण शोधतो? या वेळी त्यांनी पुढचे मागवले.

चौथ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी, कागद मिळाला. शके सतराशे एकतीस, सगुणाबाईच्या दहनानंतर चौदा महिन्यांनी. बोरतळच्या शिवेचा तंटा. सरकारातून कारकून पाहणीला आला होता आणि गावचे वतनदार समक्ष हजर राहिले होते. त्यांत तिसरं नाव हैबतरावाचं होतं. स्वतः हजर, तोंडी जबाब दिला, आणि जबाबाखाली पाटलांच्या रिवाजाप्रमाणं नांगराची निशाणी केली. जबाबात तो सांगत होता की शिवेवरचा बांध त्यानं गेल्या पावसाळ्यात, दुसऱ्या लग्नाच्या आधी, आपल्या हातानं घातला.